परतीपुरतं राखून

३ ऑक्टोबर, शनिवार
आजपासून रोज लिहायचं. सुरुवात चांगल्या बातमीने. वहिनींना समुद्रावर न्यायचं नक्की झालं. त्याच म्हणाल्या, "भाऊजी, ती जागा मला एकदा बघायची आहे." मी ताबडतोब हो म्हटलं. बायको माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटतं मला जमणार नाही. न जमायला काय झालं? दादा मे महिन्यात गेला. मी आठवड्याच्या आत कामावर हजर होतो. भूक उत्तम, झोप उत्तम. झोप थोडी मागेपुढे होते, पण ते नव्या उशीमुळे.

गाडी दादाचीच न्यायची. इलेक्ट्रिक. वर्षभर वाट बघून घेतली आणि जेमतेम दोन महिने चालवली. आता माझ्या दारात उभी असते. वहिनींनी गाडी चालवणं कधीच सोडून दिलंय, म्हणून अधूनमधून फिरवून आणायचं काम माझ्याकडे.

अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. गाडी एका चार्जमध्ये तीनशे जाते. म्हणजे वाटेत एकदा थांबायचं. साधं गणित आहे. पण मी बस कंपनीच्या वेळापत्रक विभागात निम्मं आयुष्य काढलंय. साध्या गणिताचं रस्त्यावर काय होतं ते मला माहीत आहे. नीट प्लॅन करणार.

४ ऑक्टोबर, रविवार
प्लॅनचं सूत्र सापडलं. इतके दिवस डोळ्यासमोर होतं.

बुडालेल्या जहाजात डाइव्ह करताना हवेचे तीन भाग करतात. एक भाग जायला, एक यायला, आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही. तो जोडीदारासाठी. त्याच्याकडे काही बिघडलं तर आपल्यातून द्यायला. दादा आणि मी साध्या डाइव्हलासुद्धा हा नियम पाळायचो. बाकीचे हसायचे. दादाला क्लबमध्ये सगळे देवमासा म्हणत, आणि देवमासा म्हणायचा, "माझा भाऊ वेळापत्रकवाला आहे. आम्ही वर येतो तेव्हा आमच्या टाकीत तुमच्या जातानाएवढी हवा असते."

इलेक्ट्रिक गाडीचं तेच. पेट्रोलवाल्यांना हे कळणार नाही. ते म्हणजे नळी तोंडात धरून वरवर पोहणारे लोक. डोकं वर काढलं की हवा हजर. आपल्याला काट्यावर नजर ठेवून जावं लागतं.

तर नियम लावला: तीनशेतले शंभर जायला, शंभर यायला, शंभर राखीव. चार्जर बंद निघाला तर घरी परत येता आलं पाहिजे. या हिशोबाने आपण समुद्रावर पोहोचत नाही. पहिल्या चार्जरवरही पोहोचत नाही. हा किरकोळ मुद्दा आहे, बघू.

१० ऑक्टोबर, शनिवार
गाडीत बिघाड आहे. आज सकाळी दूध आणायला म्हणून बसलो. स्क्रीन लागली आणि तिने आपणहून समुद्राचा रस्ता काढून दाखवला. निघायची सूचना, ट्रॅफिक कमी आहे वगैरे. मी काहीही दाबलं नव्हतं.

शिवाय सीट. मी बसलो की सीट आपोआप मागे जाते. बरीच मागे. माझे पाय पेडलपर्यंत पोहोचत नाहीत. मी पुढे घेतो. दुसऱ्या दिवशी परत तेच.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे आवाज. इंजिन नसल्यामुळे गाडीत शांतता असते आणि त्या शांततेत मागून श्वासासारखा आवाज येतो. आत, थांबून, बाहेर. एसीचा असणार.

दूध राहिलं. बायकोने स्वतः जाऊन आणलं.

१२ ऑक्टोबर, सोमवार
अर्धा दिवस रजा टाकून सर्व्हिस सेंटर. तिथल्या इंजिनिअर मुलीने गाडी जोडून बघितली. म्हणाली, बिघाड काहीच नाही. ही किल्ली ज्यांची आहे त्यांची उंची गाडीला पाठ आहे, ते शनिवारी सकाळी कुठे जातात तेही पाठ आहे. किल्ली गाडीजवळ आली की गाडीला वाटतं तेच आले. "पुसून टाकू का सर? एका मिनिटाचं काम आहे."

मी नको म्हटलं. सॉफ्टवेअरमध्ये उगाच हात घालू नये.

आवाजासाठी तिला घेऊन एक चक्कर मारली. तिला काही ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "सर, तुम्ही मध्ये मध्ये श्वास धरून ठेवता का?" मी? पाण्याखाली श्वास धरायचा नाही हा आमचा पहिला धडा. शंभरावर डाइव्ह झाल्यात माझ्या. मी तसं तिला सांगितलं. ती फक्त काच खाली करून बसली.

या लोकांना नीट ट्रेनिंग देत नाहीत.

१७ ऑक्टोबर, शनिवार
निघायचं ठरलं होतं. रद्द केलं. महामार्गावरच्या चार्जरबद्दल कुणीतरी लिहिलंय की त्याची केबल आखूड आहे. आखूड म्हणजे किती ते लिहिलेलं नाही. अशा अर्धवट माहितीवर घरच्या बाईमाणसाला घेऊन निघणं मला पटत नाही.

वहिनींना फोन केला. "असू दे, पुढच्या शनिवारी," म्हणाल्या. समजूतदार आहेत. डबा भरून झाला होता बहुतेक, मागे झाकणांचा आवाज येत होता.

१८ ऑक्टोबर, रविवार
वहिनी आल्या होत्या. त्यांना नकाशा, चार्जर, पर्यायी चार्जर सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग नेहमीचं विचारलं. मलाच विचारतात, कारण खाली पाण्यात दादाबरोबर मी एकटाच होतो.

"शेवटी यांनी तुम्हाला अंगठा दाखवला ना?"

मी हो म्हटलं. ते खरंच आहे. दादा माझ्या उजव्या हाताला होता, थांबला, माझ्याकडे वळला आणि अंगठा दाखवला. आम्ही वर निघालो. वर पोहोचायच्या थोडं आधी तो सैल पडला. नावेवर ऑक्सिजन दिला, आमच्या डाइव्हिंगच्या मास्तरांनी छाती दाबली, मी नियमाप्रमाणे सगळं केलं. डॉक्टर म्हणाले हृदय होतं, जिना चढतानाही झालं असतं.

वहिनी म्हणाल्या, "मला रात्री तेच आठवतं आणि बरं वाटतं. शेवटच्या घटकेलाही मजेत होते."

आता तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ तो नाही. मजेत असल्याची खूण वेगळी, अंगठा आणि तर्जनीचं गोल. नुसता अंगठा म्हणजे वर चला. डाइव्ह संपली. कुणीही, कधीही दाखवू शकतो, कारण द्यावं लागत नाही, आणि समोरच्याने विचारायचं नाही.

पण एवढ्या बारकाव्यात त्यांना कशाला न्यायचं? त्या चहा घेऊन, हसून गेल्या. माझ्या मते विषय बंद.

२४ ऑक्टोबर, शनिवार
निघालो! मी, वहिनी, मागे बायको. हवा छान, बॅटरी भरलेली.

घाट सुरू व्हायच्या आधी परत फिरलो. समोरून वारा होता. समोरच्या वाऱ्याने रेंज कमी होते, हे सिद्ध झालेलं आहे. परत फिरताना दोन तृतीयांशाहून जास्त बॅटरी शिल्लक होती. म्हणजे प्लॅन चोख होता. लोक बॅटरी संपल्यावर शहाणे होतात, मी आधीच झालो.

एका टपरीवर थांबून डबा तिथेच खाल्ला. ट्रक जात होते. वहिनी म्हणाल्या, तेवढंच बाहेर पडणं झालं.  हात धुताना बायकोने विचारलं, वारा कुठल्या बाजूने होता म्हणालास? टपरीचा पडदा जातानाच्या दिशेने, म्हणजे समुद्राच्या दिशेने उडत होता. घाटाजवळ वारा फिरतो, हे तिला माहीत नाही.

२९ ऑक्टोबर, गुरुवार
ऑफिसात विनाकारण कटकट. राखीव वेळेचं तत्त्व मी हळूहळू वेळापत्रकातही आणत होतो. प्रत्येक फेरीत थोडी जादा मिनिटं, अडचण आली तर हाताशी असावीत म्हणून. आज डेपो मॅनेजरनी बोलावलं. बस वेळेआधी थांब्यावर पोहोचतात आणि रिकाम्या उभ्या राहतात म्हणे. एका ड्रायव्हरने तर लेखी विचारलंय, थांब्यावर बसून आम्ही कशाची वाट बघायची?

मी म्हटलं, कशाचीही नाही, तीच तर सुरक्षितता.  मॅनेजर म्हणाले, थोडी सुट्टी घ्या.

यांनी कधी पाण्याखाली पाऊल टाकलेलं नाही.

७ नोव्हेंबर, शनिवार
प्रवासाला अजून थोडी तयारी हवी. मुळात मी समुद्रावर जातोच आहे तर एखादी डाइव्हही करून येईन, म्हणून सराव सुरू. पोहण्याच्या तलावावर गेलो. नवी चड्डी, चष्मा, सगळं.

पायऱ्यांवर बसून पाय आत सोडले. क्लोरीन फार होतं. शिवाय पाणी थंड. गुडघ्यापर्यंत उतरून अंदाज घेतला. खाली तळाच्या फरशा हलताना दिसत होत्या आणि माझ्या उजव्या हाताला कुणीतरी पोहत होतं. बघितलं तर नव्हतं. उजवीकडे भिंतच आहे.

जीवरक्षकाने येऊन विचारलं, काका, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, मी तुमच्यासारख्यांना शिकवू शकेन. तो बरं म्हणाला आणि माझ्याजवळच उभा राहिला. लहान मुलांच्या बाजूला लक्ष द्यायचं सोडून.

सराव एकूण चांगला झाला. पुढच्या वेळी कमरेपर्यंत.

११ नोव्हेंबर, बुधवार
आवाज वाढलाय. आता घरातही येतो. फ्रिजचा असावा. बायकोला ऐकायला लावलं. ती माझ्या छातीवर हात ठेवून बसली. म्हणाली, फ्रिज बंद आहे अरे, लाइट गेलेत.

१४ नोव्हेंबर, शनिवार
आज वहिनी आणि मी दोघंच. बायकोला मुद्दाम घेतलं नाही, वजन कमी तर रेंज जास्त.

घाट पार. पहिला चार्जर चालू. केबल भरपूर लांब. शंभर टक्के होईपर्यंत थांबलो. मागे एक माणूस हात जोडून सांगत होता की ऐंशीनंतर चार्जिंग मुंगीच्या पावलाने होतं, तुम्ही निघा, मला लावू द्या. त्याला तृतीयांशाचा नियम समजावला. त्याने गाडीत बसून हॉर्न वाजवला.

पुढे रस्ता सरळ आहे. माझा मूड छान होता. वहिनी खिडकीतून बघत होत्या. एका वळणानंतर वारा आत आला आणि त्याला वास होता. खारा, ओला. रबरी सूट वाळत घातल्याचा असतो तसा. सूट डिकीत नाही, मी स्वतः माळ्यावर टाकलाय. श्वासाचा आवाज एकदम जवळ आला, अगदी उजव्या कानाशी. उजवीकडे माझ्या बाजूची काच आहे, तिच्यापलीकडे रस्ता.

मी गाडी बाजूला घेतली. तोंडातून शब्द निघेना, म्हणून वहिनींना अंगठा दाखवला.

वहिनी हसल्या. म्हणाल्या, "हो भाऊजी, मी पण मजेत आहे."

मी नकारार्थी मान हलवली. परत अंगठा दाखवला. मग गाडी वळवली आणि घराच्या दिशेने लागलो. त्यांनी विचारलं, अहो काय झालं, मला वाटलं सगळं ठीक आहे. तेव्हा मी म्हणून गेलो की अंगठा म्हणजे ठीक नाही, अंगठा म्हणजे वर चला, परत फिरा, मला पुढे जमत नाही.

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

 चार्जर येऊन मागे गेला. मग रस्त्याकडे बघतच वहिनींनी विचारलं, "म्हणजे यांनीही तेच सांगितलं होतं?"

मी म्हटलं, प्रत्येक वेळी तसंच असेल असं नाही. संदर्भावर असतं.

"भाऊजी."

मी हो म्हटलं.

घरी पोहोचलो तेव्हा बॅटरी भरपूर होती. किती ते बघितलं नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार
काही विशेष नाही.

१८ नोव्हेंबर, बुधवार
वहिनी फोन उचलत नाहीत. कामात असतील. बायको जाऊन आली. म्हणाली, रडतात, मग भांडी घासतात, मग परत बसतात. मी म्हटलं, म्हणून तर मी सांगत नव्हतो. बायको म्हणाली, "तू त्यांच्यासाठी गप्प नव्हतास. त्यांनी एकदा विचारलं की तुला परत खाली जावं लागतं, म्हणून गप्प होतास."

तिचं वाचन हल्ली वाढलंय.

मी उत्तर तयार करत होतो, तोवर तिने दिवा घालवला.

२२ नोव्हेंबर, रविवार
प्लॅन सुधारून लिहिला. आता दोन गाड्या. एक पुढे, एक मागे, दोन्हीत राखीव. दुसरी गाडी कुणाची ते ठरायचंय.

२८ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ
बेल वाजली. वहिनी. पायात बूट, खांद्याला पिशवी. हातात गाडीची दुसरी किल्ली. ती त्यांच्या कपाटात होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, एकदाही न वापरलेली.

म्हणाल्या, "चला भाऊजी. आज मी चालवते."

मी विचारलं, सराव? महिनाभर कोपऱ्यावरच्या मोटर ट्रेनिंगच्या बाईंबरोबर रोज सकाळी चालवतायत म्हणे. लायसन्स होतंच, हात बसायला हवा होता. मला कुणी सांगितलं नाही. बायकोला माहीत होतं.

मग मी चार्जरचं विचारलं, पर्यायी चार्जर, वारा, केबल. वहिनी म्हणाल्या, "जाईल तिथवर जाऊ. संपली तर कुणालातरी विचारू." हा प्लॅनच नव्हे. मी त्यांना तसं स्पष्ट सांगणार होतो, पण बायकोने माझा स्वेटर आणून हातात दिला.

वहिनी बसल्या. त्यांच्या किल्लीने सीट कुठेही गेली नाही. त्यांनीच खाली हात घालून, बटण शोधून, स्वतःला हवी तशी पुढे घेतली. दादाच्या जागेवरून इतकी पुढे, की मला ते बघवेना. मी डावीकडे बसलो आणि बेल्ट लावला.

त्याच दिवशी, दुपार
समुद्रावरून लिहितोय.

प्रवासाबद्दल फारसं नोंदवता येत नाही, कारण मी डोळे मिटून मार्गाचा विचार करत होतो. वहिनी म्हणतात मी कोपऱ्यावरच्या सिग्नललाच झोपलो आणि घोरत होतो. वाटेत एकदा चार्जिंगला थांबल्या, ऐंशीला काढून निघाल्या, कॉफी प्यायल्या, मला उठवलं तर मी "आणखी तीन मिनिटं" म्हणालो. मला यातलं काही आठवत नाही. मे महिन्यापासून एवढी सलग झोप लागली नव्हती. उशी बदलायलाच हवी.

डोळे उघडले तेव्हा काचेसमोर पाणी होतं. सपाट, राखाडी, दुसरीकडे जायला जागाच न ठेवणारं.

डाइव्ह सेंटरच्या आवारात गाडी लावलीय. मास्तर बाहेर आले. वहिनींना त्यांनी नमस्कार केला, माझ्या काचेवर बोटांनी टकटक केली, आणि मी नकारार्थी मान हलवल्यावर आग्रह केला नाही. दोघं धक्क्याकडे गेले. मास्तर हात लांब करून काही दाखवत होते. वहिनींनी बूट काढून ठेवले आणि पायऱ्या उतरून पाण्यात उभ्या राहिल्या. साडी नाही, पँट होती, ती गुडघ्यापर्यंत भिजली. मास्तर मागे आले. त्या तिथेच राहिल्या, पाठमोऱ्या. बोलत असाव्यात. खांदे हलत होते.

मी गाडीतून सगळं व्यवस्थित बघू शकत होतो.

बऱ्याच वेळाने त्या आल्या. डोळे लाल, पण चेहरा बरा. दार उघडून म्हणाल्या, "पाणी कोमट आहे हो. मला वाटायचं, फार गार असेल. तेवढं एक बरं झालं." मग म्हणाल्या, "येता का, भाऊजी? नुसतं पायऱ्यांपर्यंत. मी उजव्या बाजूला उभी राहते."

मी म्हटलं, यायला काही हरकत नाही. पण चार्जिंग चालू आहे. परतीपुरतं झाल्याशिवाय गाडीजवळून हलणं बरोबर नाही, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.

त्यांनी मागे जाऊन बघितलं. परत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "चार्जिंगची केबल अजून डिकीतच आहे."

 मग त्या तशाच ओल्या पायांनी दाराशी उभ्या राहिल्या, दार उघडं धरून. घाई करत नाहीत. वारा आत येतोय, वहीची पानं उडतायत, म्हणून लिहायला त्रास होतोय.

बेल्ट अजून लावलेलाच आहे. सकाळपासून. आधी तो काढतो.